चिंचढोल फाट्यावरचे पंच

१

बुधवार, १४ ऑक्टोबर २०१५. दुपारी सव्वादोन वाजता अमरावतीहून अकोल्याकडे निघालेली एक काळी-पिवळी जीप चिंचढोल फाट्यावर थांबली. पुढं रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावलेल्या होत्या आणि दोन टायर जळत होते.

हायवेवर सकाळपासून रास्ता रोको होता. कापसाच्या भावासाठी. मूर्तिजापूरला बाकीची माणसं उतरून गेली होती. उरलेल्यांना घेऊन चालक गजेंद्रनं गाडी आतल्या रस्त्यानं काढली, आणि आतला रस्ताही आडवा निघाला. मागं वळायची सोय नव्हती, कारण मागूनही ट्रॅक्टर येऊन लागले होते.

जीपमध्ये आता चार जण होते. चालक गजेंद्र, पूर्वी सेमाडोहला जंगल दाखवायच्या जिप्सी चालवायचा. खुशालराव, चांदूर रेल्वेजवळचे कास्तकार, दात कमी आणि जीभ जास्त. माणिकबाई डोंगरदिवे, त्याच तालुक्यातल्या दुसऱ्या गावची शेतमजूर बाई, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी. आणि अब्दुल गफ्फार, वय एकसष्ट, बार्शीटाकळीत सायकल आणि फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. अमरावतीला मुलीकडे चार दिवस राहून तो घरी चालला होता.

फाट्यावर सावलीची जागा एकच होती. आरोग्य उपकेंद्राची इमारत. तिच्या पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचं नाव होतं, तारीख होती, शेजारी बसलेल्या पाहुण्यांची नावं होती. डॉक्टरचं नाव नव्हतं, कारण डॉक्टर कधी आलाच नव्हता. तीन खोल्या, पुढं वऱ्हांडा. तिसऱ्या खोलीच्या दारापाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गावचा कोतवाल पुंजाजी बसला होता.

"या, बसा," तो म्हणाला. "पानी हाये मडक्यात. डागदर नाई."

"आमी बिमार नाई, अडकलो," खुशालराव म्हणाले. "बिमारीले औषध असते, याले तेही नाई."

२

गफ्फारनं पाणी प्यायलं, रुमालानं मान पुसली आणि भिंतीला टेकला. ऊन इतकं होतं की डांबराचा वास वऱ्हांड्यात येत होता. तेव्हा त्याला तो आवाज आला.

खट, फुस्स. खट, फुस्स.

पाठीवरचा पंप. हातानं दांडा मारायचा, साधा. हा आवाज गफ्फारनं आयुष्यात इतक्यांदा ऐकला होता, की तो त्याला आवाज वाटत नसे. पण याच्यात एक खोट होती. फुस्स झाल्यावर मागून आणखी एक बारीक श्वास यायचा. वायसर, आतली रबरी चकती, झिजलेलं. असा पंप मजुराच्या पाठीवर गळतो. औषध कंबरेवरून पायापर्यंत उतरतं, मजुराला घाम वाटतो, आणि संध्याकाळी तो आंधळ्यासारखा भिंती चाचपत घरी येतो. गफ्फारनं अशी किती वायसर बदलली असतील. बदलताना तो मालकाला शिव्या द्यायचा. मालक हसायचे. वायसर आठ रुपयांना मिळत होतं.

"पुंजाजी," तो म्हणाला, "कोन फवारून राहिला इकडं? पंप गळून राहिला त्याचा."

"कोनी नाई. सारं गाव तिकडं टायर जाळून राहिलं. आज कोन फवारते?"

गफ्फार उठून इमारतीच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मागं कपाशीचं रान होतं, कमरेएवढं, रिकामं. पानसुद्धा हलत नव्हतं. तो परत येऊन बसला. आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी त्यानं डोळे मिटून नीट कान दिला, जसा तो दुकानात द्यायचा, आणि त्याला पटलं की आवाज रानातून येत नाही. पाठीमागच्या भिंतीतून येतो आहे. तिसऱ्या खोलीतून.

"त्या खोलीत काय हाये?"

"सरकारी सामान," पुंजाजी म्हणाला, आणि त्यानं खुर्ची जरा दाराकडं सरकवली.

गफ्फारनं स्वतःला समजावलं. भिंतीवर आवाज आपटतो. दूरच्या शेतातला आवाज जवळचा वाटतो. उन्हात एकसष्टाव्या वर्षी कान वाजतात. तिन्ही कारणं चांगली होती.

३

तीन वाजता शिदोऱ्या सुटल्या. खुशालरावांकडं ज्वारीची भाकर आणि ठेचा. गफ्फारच्या मुलीनं, इफ्फतनं, रोट्या आणि अंड्याची भुर्जी बांधून दिलेली. माणिकबाईच्या पिशवीत मुरमुऱ्यांचा चिवडा. गजेंद्रकडं काहीच नव्हतं, तो सगळ्यांचं खात होता.

"गफ्फारभाई, अंडंच हाये का खाली काही दडवलं हाये?" खुशालराव.

"दडवलं असतं त हायवेवरच खाल्लं असतं भाऊ."

"पाहा. मुसलमानाच्या डब्यातून आमच्यासाठी अंडं निंघते. आमचं नशीबच आखूड."

माणिकबाई हसली. हसताना तिनं पदर तोंडावर धरला. मग तिनं खुशालरावांच्या शिदोरीतली एक भाकर मोडून पुंजाजीला दिली. पुंजाजीनं तिचा एक तुकडा तोडला, पाण्याच्या पेल्याबरोबर तिसऱ्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवला आणि मग उरलेली खायला घेतली.

"हे कोनासाठी?" गजेंद्रनं विचारलं.

"असंच. सवय."

खुशालरावांनी विषय काढायचा म्हणून माणिकबाईला विचारलं, अकोल्याला कोणाकडं.

"दवाखान्यात. मुर्दा पाहाले."

तिनं ते असं सांगितलं, जसं कोणी बाजाराला चाललो म्हणतं. पिशवीतून तिनं वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. 'अनोळखी इसमाचे प्रेत.' दोन ओळी. असं काही छापून आलं, की गावातला मास्तर तिला वाचून दाखवायचा आणि ती निघायची. आतापर्यंत अकरा पाहिले होते.

"मालक माहे," ती म्हणाली. "नवाच्या साली ऑगस्टात फवारनीले इकडं अकोल्याकडं आले. महिन्याभरानं फोन बंद झाला. पोलिसात गेली त म्हने दुसरी केली असंल, पाहा वाट. मी पाहून राहिली. पन आता पोरीचं जमलं. आचलचं. तिकडचे म्हनतात, पत्रिकेवर बापाच्या नावामांगं कै. लावायचं का नाई ते सांगा, मंग छापू. मी काय सांगू? जित्या मानसाले कै. लावू का मेल्याले जित्ता म्हनू? तहसीलीत म्हनतात, कागद आना. पोरगी म्हनते, आई, मायं लगन कागदासाठी मोडते का."

"हो बाप्पा," खुशालराव म्हणाले.

"शेवटचा फोन आला तेव्हा लय हासत होते," माणिकबाई म्हणाली. "म्हने, माणिक, माही टाच दुरुस्त झाली. भेगा पडल्या होत्या न डाव्या टाचेले, रक्त येई. कोन्या सायकलवाल्या चाचानं ट्यूबचा तुकडा चिपकवून देला. पैसे बी नाई घेतले. म्हने आता मी पंक्चर होत नाई."

गफ्फारच्या तोंडात रोटीचा घास होता. तो तसाच राहिला.

तो तुकडा गफ्फारनंच चिकटवला होता, आणि आठ दिवसांनी ती टाच पुन्हा पाहिली होती. सप्टेंबर २००९, बार्शीटाकळीबाहेरच्या एका विहिरीवर. प्रेत वर काढलेलं, चादरीनं डोक्यापासून झाकलेलं, पाय बाहेर. रस्त्यानं चाललेल्या गफ्फारला जमादारानं हाक मारून पंच म्हणून उभं केलं होतं. डाव्या टाचेवर लाल ट्यूबचा तुकडा. तीन कोपरे गोल, चौथा तिरपा कापलेला. गफ्फार आपला पॅच असाच कापतो, दुकानाची खूण म्हणून. ओळखता का, जमादारानं विचारलं. ओळख दिली की जबाब, जबाब दिला की तारखा, आणि मुसलमान माणूस पोलिसाच्या कागदात जितका कमी तितका बरा, हे त्याला बापानं शिकवलं होतं. नाही, तो म्हणाला. कागद निम्मा कोरा होता. त्यानं खाली सही केली. तोंडावरची चादर कोणी उचलली नाही, त्यानंही नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॉलीतून नेऊन, अर्धी गोणी मीठ टाकून त्या माणसाला बेवारस म्हणून पुरलं. ते गफ्फारनं लांबून पाहिलं.

या बाईला जो कागद सहा वर्षं मिळत नव्हता, तो त्याच्या सहीखाली पडलेला होता.

त्यानं घास गिळला. सांगायला हवं, असं त्यानं ठरवलं. मग ठरवलं, की पाणी पिऊन सांगू. मागं भिंतीत, खट, फुस्स.

४

साडेतीनला शेताच्या वाटेनं मोटरसायकलवर एक जमादार आला. घामानं गणवेश पाठीला चिकटलेला, बगलेत फाईल. त्यानं चौघांकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"चला, बरं झालं. पंच मिळाले. गावात एक माणूस नाही आज."

तेव्हा पुंजाजीनं सांगितलं. तिसऱ्या खोलीत प्रेत होतं. काल संध्याकाळी कपाशीत सापडलेलं, फवारणीचा मजूर, कोणत्या गावचा ते माहीत नाही. ज्याचं शेत तो म्हणतो, मी याला कामाला बोलावलंच नव्हतं. गाडी रस्ता मोकळा झाल्यावर येणार, तोपर्यंत पंचनामा करून ठेवायचा.

"पंप कुठं हाये त्याचा?" गफ्फारनं विचारलं.

"कसला पंप? पंप-बिंप काही मिळाला नाही," जमादार म्हणाला. "मालकानं उचलला असेल. तुम्हाला काय करायचं? दोन सह्या पाहिजेत. वाचून दाखवतो. अनोळखी इसम, वय अंदाजे पस्तीस, अंगावर मार नाही, मरणाबाबत संशय नाही. आत यायची पण गरज नाही, वास आहे. इथंच सह्या करा."

कागद आधीच लिहून झाला होता. पंच म्हणून सह्या कोणाच्या होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नव्हतं, त्यांना काय दिसणार हे मात्र त्यानं लिहून आणलं होतं. अशा कागदांवर या दोन जिल्ह्यांत किती माणसं पुरली गेली असतील, याचा हिशेब कोणत्या आयोगानं केलेला नाही.

खुशालरावांनी पेन घेतलं आणि थांबले.

"साहेब, मी एकडाव अशी सही केली हाये," ते म्हणाले. "अकराच्या साली. चांदूरच्या रुळावर. तेव्हाही असंच, झाकून ठेवलेलं. पाय तेवढे दिसत होते. लय दिवस ते पाय झोपेत येत होते मायासंगं."

"पायात काय असतं झोपेत यायला?" गजेंद्र म्हणाला, पण आवाज त्याचा उतरला होता.

"एका टाचेले लाल रबर लावलेलं होतं ना. पंक्चरसारखं. मले वाटलं, गरिबानं पायाले बी पंक्चर काढलं."

गजेंद्र खांबाला टेकला होता, तो सरळ झाला.

"भाऊ, थट्टा नका करू."

"थट्टा काहून करू?"

"मी बी सही केली हाये. तेराच्या साली, सेमाडोहच्या खाली, नाल्यात. जंगलवाले म्हने जनावरानं मारलं, पन अंगावर वरखडा बी नाई. झाकलेलं होतं. डावी टाच. लाल."

माणिकबाई एकेकाच्या तोंडाकडं पाहत होती. ती उभी राहिली होती हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

५

गफ्फारनं तेव्हा सांगितलं. चौकोनाचा तिरपा कोपरा, विहीर, कोरा कागद, 'नाही' म्हटलेलं. सगळं त्यानं तिच्याकडं पाहून सांगितलं, कारण न पाहता सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

माणिकबाईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमीच का ते चाचा."

एवढंच. त्याला वाटलं होतं ती शिवी देईल, छाती बडवेल. ती म्हणाली, "पैसे नव्हते घेतले तुमी," आणि पदरानं नाक पुसलं. गफ्फारला ते शिवीपेक्षा वाईट लागलं.

"अहो पण त्याला तर पुरलं ना तेव्हाच," जमादार म्हणाला. "मग झालं. तो तुमचा विषय. आमचा हा वेगळा."

"मी सही करत नाई," गफ्फार म्हणाला. "पहिले पाहातो, मंग करतो."

"मी बी," खुशालराव म्हणाले.

जमादारानं गजेंद्रकडं पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, गाडीचा परवाना कुठपर्यंतचा आहे. गजेंद्रनं टायर जळत होते तिकडं बघत सांगितलं, "अकोल्यापर्यंतचा. पन आज कोन्या बापाची गाडी हालत नाई साहेब, माही बी आन् तुमची बी."

दोन तासांपूर्वी या चौघांना एकमेकांची नावं माहीत नव्हती. आता ते दारापुढं एका रांगेत उभे होते. पुंजाजीनं खुर्ची उचलली आणि उंबऱ्यावरचा पेला बाजूला घेतला. पेला रिकामा होता. त्यानं तो उलटा करून पाहिला आणि भिंतीशी ठेवला.

६

खोलीला एक खिडकी होती, लोखंडी जाळीची. तिच्यातून ऊन चौकोनी तुकड्यांनी फरशीवर पडलं होतं. कोपऱ्यात लसीच्या फ्रिजचं रिकामं खोकं. मध्ये चटईवर चादरीखाली माणूस. बाकी काही नाही. पंप ठेवता येईल अशी जागासुद्धा नाही, हे गफ्फारनं आधी पाहून घेतलं. वास मात्र फवाऱ्याचाच होता, ताजा, डोळ्यांना झोंबणारा. ते खोलीच्या आत गेले तसा भिंतीतला आवाज बंद झाला होता, की आधीच, ते त्याला नंतर कधी आठवलं नाही.

पाय बाहेर होते.

तो गुडघ्यावर बसला. डावी टाच, लाल तुकडा, तीन कोपरे गोल, चौथा तिरपा. त्याचं मन झटपट कारणं शोधू लागलं. त्याचा पॅच पाहून दुसऱ्या कोणी तसाच कापला असेल. तिरपा कोपरा काही त्यानं विकत घेतलेला नव्हता. चार माणसं, चार टाचा, भेगा कोणाला पडत नाहीत. त्यानं तुकड्याच्या कडेला बोट लावलं.

बोट चिकटलं.

सोल्युशन ओलं होतं. पंक्चरचं सोल्युशन पाच मिनिटांत सुकतं, उन्हाळ्यात तीन. गफ्फारनं बोट सोडवलं तेव्हा लाल रबराची कड तेवढी वर उचलली गेली आणि परत बसली. खाली भेग दिसली. ती ओली होती. त्यानं हात शर्टाला पुसला, मग आणखी एकदा पुसला.

"चाचा," मागून माणिकबाई म्हणाली, "तोंड दाखवा."

त्यानं चादरीचं टोक धरलं. खाली करताना त्याची नजर आधी माणिकबाईवर होती. मग त्यानं ती जबरदस्तीनं खाली आणली.

शर्टाच्या दोन्ही खांद्यांवर ओले पट्टे होते, पंपाच्या पट्ट्यांचे. छाती हलत नव्हती. ते त्यानं नीट पाहिलं, शपथेवर सांगता येईल इतकं. चेहरा तरुण होता. पापण्यांवर घामाचे बारीक थेंब होते. बाकी चेहरा तो नंतर कोणाला सांगू शकला नाही, पण त्या थेंबांमधला एक, तो पाहत असतानाच, पापणीवरून निघाला आणि कानाकडं उतरला.

"हेच," माणिकबाई म्हणाली.

ती रडली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग आपल्या पांढऱ्या केसांना हात लावून हळू म्हणाली, "हे येवढे लहान कसे?"

जमादार दारात उभा होता. त्यानं हाच मुद्दा पकडला.

"बाई, तुमचा माणूस सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हा वय?"

"पस्तीस."

"मग आज एक्केचाळीस. हा पस्तीसचा आहे. आणि चाचा, तुमचा पॅच नवाच्या सालातला. रबर सहा वर्षं टिकतं का पायावर? मी असं लिहिलं तर साहेब मला विचारतील, दारू पिऊन लिहिलं का. माणूस एकदा मरतो. हा तुमचा नाही."

त्याचं म्हणणं सरळ होतं. त्यात चूक काढता येत नव्हती, आणि चटईवर माणूस पडलेला होता.

"साहेब," खुशालराव म्हणाले, "आमी तिघांनी तीनदा लिहून देलं का आमी याले ओळखत नाई. तीनदा सरकारनं ते खरं मानलं. आता चौथ्यांदा आमी म्हनतो, ओळखतो. आता काहून खोटं वाटते?"

जमादारानं फाईल दुसऱ्या बगलेत घेतली.

"आन् दुसरे पंच कुठून आनसान?" गजेंद्र म्हणाला.

साडेपाचला जमादारानं नवा कागद घेतला. खोलीत बसून लिहायला तो तयार नव्हता, म्हणून वऱ्हांड्यात पाटीखाली बसला. 'सदर प्रेत आपले पती भगवंत सुखदेव डोंगरदिवे यांचे असल्याचे माणिकबाई यांनी पंचांसमक्ष सांगितले.' गफ्फारनं पूर्ण वाचला. दोनच सह्या लागतात, तिघांनी केल्या. माणिकबाईनं अंगठा दिला आणि शाई पुसली नाही.

सहा वाजता बैलगाड्या बाजूला झाल्या. माणिकबाईला प्रेताजवळ थांबायचं होतं. जमादार म्हणाला, गाडी येऊन अकोल्याला नेईल, चिरफाड सकाळी होईल, तुम्ही बारापर्यंत या, त्याआधी काही होत नाही. प्रेत तुमच्याच ताब्यात मिळेल. तुमच्याशिवाय कोणाला देतील?

त्या रात्री माणिकबाई बार्शीटाकळीत गफ्फारच्या घरी राहिली. गफ्फारच्या बायकोनं, खातूनबीनं, तिला पाणी तापवून दिलं, आपलं धुतलेलं लुगडं दिलं आणि काही विचारलं नाही. दोघी अंगणातल्या बाजेवर बराच वेळ आचलच्या लग्नाचं बोलत बसल्या. पत्रिकेवर काय छापायचं ते आता ठरलं होतं. माणिकबाई म्हणाली, उद्या मास्तरांना फोन लावून देता का. पोरीला सांगते, छापा म्हणावं.

७

गुरुवारी पावणेबाराला माणिकबाई, गफ्फार आणि खुशालराव दवाखान्याच्या शवागारापाशी पोचले. गजेंद्र आपल्या जीपमध्ये मागं जागा करून आला होता, गावाकडं प्रेत न्यायला. भाडं घ्यायचं नाही असं तो आधीच सांगून बसला होता.

प्रेत नव्हतं.

चिरफाड नऊला झाली होती. अहवाल होता, त्यावर डॉक्टरची सही होती, कारण लिहिलेलं होतं, फवारणीच्या औषधाची विषबाधा. प्रेत दहा चाळीसला ताब्यात दिलं, असं कारकून म्हणाला. कोणाच्या ताब्यात, हे विचारल्यावर त्यानं रजिस्टर त्यांच्याकडं फिरवलं.

मृताचे नाव, भगवंत सुखदेव डोंगरदिवे.

प्रेत ताब्यात घेणाऱ्याचे नाव, भगवंत सुखदेव डोंगरदिवे.

मृताशी नाते, स्वतः.

पुढं सही होती. वळणदार नाही, शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या माणसाची, एकेक अक्षर जोर देऊन काढलेली. माणिकबाईला वाचता येत नव्हतं. तिनं सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे त्याहीचंच हाये. पोळ्याले बैलाच्या झुलीवर असंच नाव काढत."

कारकून म्हणाला, लिहिणाऱ्याची चूक असेल, नाव चुकून दुसऱ्या रकान्यात पडलं असेल. सही कोणाची मग? ते त्याला सांगता येत नव्हतं, सकाळची ड्यूटी त्याची नव्हती. सकाळी ड्यूटी ज्याची होती त्याची महिन्याभरात बदली झाली. कुठं, ते लेखी विचारूनही कळवलेलं नाही.

माणिकबाईनं मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज केला. पंचनामा जोडला, तीन पंचांचे जबाब जोडले. चार महिन्यांनी उत्तर आलं. 'सदर इसमाने दिनांक १५ ऑक्टोबर रोजी स्वतः स्वाक्षरी केल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब सदर इसम हयात असल्याने मृत्यूचा दाखला देता येत नाही.' खाली गोल शिक्का. तोवर आचलचं स्थळ दुसरीकडं गेलं होतं. त्या लोकांचं चुकलं असं माणिकबाई म्हणत नाही. ती अजून कात्रणं घेऊन निघते. आता तिच्यासोबत खुशालराव असतात, कधी गजेंद्र, आणि गफ्फारला सांधेदुखी नसेल त्या दिवशी गफ्फार. ते चौघं दारात उभे राहून आधी पाय पाहतात.

चिरफाडीच्या वेळी नियमाप्रमाणे पोटातले अवयव काढून तपासणीसाठी तीन बाटल्यांत भरले होते. लाखेनं सील करून, तारीख आणि नंबर घालून त्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवल्या. प्रयोगशाळेनं त्या मिळाल्याची पोच दिलेली आहे. बाटल्या अजून तिथं आहेत, त्यांच्यावरच्या चिठ्ठीत नावाची जागा कोरी आहे, आणि त्या कोणाच्या, या प्रश्नाला ना तहसीलीनं उत्तर दिलं आहे, ना दवाखान्यानं, ना पोलिसांनी.